वानर-डुकरं हाकलायला गन घ्यायची? कार्बाइडची की छर्र्याची, पैसे देण्याआधी हे वाचा

मूल : धान निसवायला लागला, लोंबीत दूध भरायला लागलं की तालुक्यात दरवर्षी तोच प्रश्न पुढे येतो. रात्री डुकरांचा कळप बांधीत शिरतो. खातो थोडं आणि लोळून-तुडवून नासतो जास्त. पुढे तूर शेंगेवर आली, हरभऱ्याला घाटे धरले की दिवसा वानरांची टोळी. मारोडा, सोमनाथ, केळझर, जानाळा, चिरोली, कुठंही जा, जंगलाला लागून धुरा असेल तर जागलीला गेल्याशिवाय पीक घरी येत नाही. आणि जागलीला जायचं म्हणजे वाघाच्या रस्त्यावर बसायचं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

म्हणून हल्ली पोरं मोबाईलवर व्हिडिओ पाहतात आणि विचारतात, "भाऊ, गन घेऊ का?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोनच वस्तू असतात. एक, पाइपची कार्बाइड गन. ही काही शेकड्यांत मिळते, कुणी घरीच जोडतं. दुसरी, छर्र्याची बंदूक म्हणजे एअर गन, तिला काही हजार मोजावे लागतात. आता ऑनलाइन तिसरी वस्तूही दिसायला लागली आहे, रंगाच्या गोळ्यांची पेंटबॉल गन. तिन्हींना लोक "गन" म्हणतात, पण तिघींची कामं एकदम वेगळी आहेत. एक फक्त आवाज करते, दुसरी भोक पाडते, तिसरी ठोसा मारते. फरक एवढाच आहे, पण सगळा निर्णय त्यावरच ठरतो.

आधी जनावर कोणतं ते ठरवा

डुक्कर रात्री येतं. त्याला नीट दिसत नाही, पण वास आणि आवाज फार लवकर कळतो. म्हणजे आवाजाला ते दबतं. वानराचं उलटं आहे. ते दिवसा येतं, त्याची नजर तेज आणि डोकं त्याहून तेज. कुणाच्या हातात काठी आहे, कुणाच्या हातात गलोल आहे, हे ते लांबून ओळखतं. बाई एकटी शेतात असेल तर वानर हलत नाही, गडी दिसला की झाडावर चढतं, हे ज्यांचं शेत आहे त्यांनी पाहिलेलं आहे. रोही आणि चितळ मात्र भित्रे. बिचकले की एका दमात दूर जातात आणि जाताना शेजाऱ्याचं पीक तुडवतात. तेव्हा शेजाऱ्याशी आधी बोलून घेतलेलं बरं.

थोडक्यात, डुकरासाठी घेतलेली वस्तू वानरावर चालेलच असं नाही. दुकानदार मात्र एकच वस्तू सगळ्यांसाठी विकतो.

छर्र्याची बंदूक

नळी मोडून स्प्रिंग ताणायची, शिशाचा छर्रा घालायचा आणि घोडा दाबायचा, अशी ही साधी एअर गन. आपल्या देशात शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळीचं तोंड ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल किंवा छर्र्याची ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर परवाना लागतो. त्याच्या आतली बंदूक बिनपरवान्याची म्हणून विकली जाते. इथंच लोकांची पहिली चूक होते. त्यांना वाटतं, बिनपरवान्याची आहे म्हणजे जनावरावर चालवायलाही हरकत नाही.

हरकत आहे, आणि मोठी आहे. बंदुकीचा कायदा वेगळा आणि जंगलाचा वेगळा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये "शिकार" या शब्दाचा अर्थ फक्त जीव घेणं असा नाही. पकडणं, फासात धरणं, जखमी करणं आणि यातलं काही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीत मोडतं. म्हणजे छर्रा डुकराला लागला आणि डुक्कर पळून गेलं, तरी कायद्याच्या नजरेत ती शिकार झाली. नेम चुकला तरी प्रयत्न झाला. रानडुक्कर, रोही, चितळ हे तिन्ही या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वाघ, बिबट, अस्वल असं पहिल्या अनुसूचीतलं जनावर असेल तर शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते आणि सात वर्षांपर्यंत जाते. आणि तीच बंदूक खांद्याला लावून अभयारण्याच्या हद्दीतून शॉर्टकट मारला, तर तोही गुन्हा. कारण त्या कायद्यात "शस्त्र" म्हणजे जनावराला इजा करू शकेल अशी कोणतीही वस्तू.

आता कायदा बाजूला ठेवून नुसत्या कामाचं पाहू. छर्रा अर्धा ग्रॅम वजनाचा. वयात आलेल्या नर डुकराच्या खांद्यावरची कातडी ढालीसारखी जाड असते. त्या छर्र्याने ते मरत नाही आणि थांबतही नाही, फक्त दुखावतं. दुखावलेलं डुक्कर कुठं जातं? जवळच्याच झुडपात, नाल्यात बसतं. सकाळी तिथं सरपणाला, मोहाला, तेंदूच्या पानाला कोण जातं हे आपल्याला ठाऊक आहे. बंदूक चालवणारा माळ्यावर असतो, डुक्कर भेटतं ते दुसऱ्यालाच.

वानराचं म्हणाल तर छर्रा डोळ्याला लागला की जनावर कायमचं आंधळं होतं. टोळी मात्र जात नाही, छर्रा पोचणार नाही एवढ्या अंतरावर सरकते आणि तुम्ही जेवायला गेलात की उतरते. शिवाय छर्रा चुकला तर दोनशे-तीनशे मीटर पुढे जाऊ शकतो. तुरीच्या ओळीत पलीकडे कोण निंदत आहे ते आपल्याला दिसत नाही. आमचं स्पष्ट मत असं की छर्र्याची बंदूक नेमबाजी शिकणाऱ्या पोरांसाठी ठीक आहे, मैदानावर, मागे मातीचा बांध असताना. शेतराखणीला ती घेऊच नये.

कार्बाइड गन

ही खरं तर बंदूकच नाही. कार्बाइडच्या खड्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. वेल्डिंगवाला जो वायू वापरतो तोच हा, बाजारातल्या कार्बाइडला लसणासारखा वास मारतो. पाइपच्या बंद कप्प्यात तो हवेत मिसळतो, लायटरची ठिणगी पडते आणि धाडकन आवाज होतो. नळीतून गोळी निघत नाही, म्हणून जनावराला जखम होत नाही. डुकराच्या कळपाला पळवायला आवाज पुरतो आणि पहिले काही दिवस खरंच पुरतो. म्हणून ज्यांनी वापरली ते तिचं कौतुक करतात. खोटं नाही ते.

पण तीन गोष्टी व्हिडिओत सांगत नाहीत.

पहिली, ॲसिटिलीन फार नाठाळ वायू आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेत ठरावीक थोड्या प्रमाणात असला तरच पेटतो. ॲसिटिलीनला तसं बंधन नाही. हवेत अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी तो भडकू शकतो. म्हणजे "थोडा कमी पडला असेल" किंवा "जास्त झाला म्हणून पेटला नाही" असा अंदाज कामाचा नाही.

दुसरी, पाइप. पाण्याच्या लाइनीचा पीव्हीसी पाइप पाण्याचा दाब सोसायला बनवलेला असतो, स्फोट सोसायला नाही. उन्हात पडून तो ठिसूळ होतो, आणि आपल्याकडचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. फुटला की त्याचे धारदार तुकडे उडतात. ते अंगात शिरले तर एक्स-रेमध्येही नीट दिसत नाहीत, त्यामुळे डॉक्टरलाही शोधायला अवघड जातं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण डोळे तिथंच जातात. लायटर दाबला, आवाज आला नाही. माणूस काय करतो? नळीला डोळा लावून आत बघतो. त्याच वेळी आतला वायू पेटतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात हेच झालं. भोपाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत शंभराहून जास्त जण, त्यातही बहुतेक लहान मुलं, या कार्बाइड गनमुळे डोळ्याला इजा होऊन दवाखान्यात गेली. कित्येकांची नजर गेली. तिथल्या सरकारला विक्रीवर बंदी घालावी लागली. ती मुलं शेत राखत नव्हती, फटाका म्हणून खेळत होती. पण वस्तू तीच, आणि आपल्या घरात ती खाटेखाली ठेवलेली असते, पोरांच्या हाताला लागेल अशी.

आणि इजा फक्त जाळाची नसते. कार्बाइड आणि पाण्यापासून वायू निघाल्यावर मागे जो लगदा उरतो तो चुना असतो. चुना डोळ्यात गेला की तो आत आत जाळत जातो. आग विझली तरी चुना थांबत नाही.

एवढं सगळं सांगूनही जे वापरतात ते वापरणारच, हे आम्हाला कळतं. हातचं पीक जात असताना माणूस थांबत नाही. त्यांच्यासाठी इतकंच : पेटली नाही तर नळी बांधीकडे तोंड करून जमिनीवर ठेवा, मागे सरका आणि बराच वेळ हात लावू नका. नंतर मागून पाणी ओतून रिकामी करा. डोळ्यावर साधा वेल्डिंगचा किंवा फवारणीचा चष्मा ठेवा. कार्बाइडचा डबा घट्ट झाकणाचा, कोरडा आणि घराबाहेर असावा. पावसाळ्यात ओल लागली तर बंद खोलीत वायू साचतो, आणि कुणी विडी पेटवली की संपलं. पुंजण्याजवळ, तणसाजवळ ही चालवू नका, एका ठिणगीत वर्षाची मेहनत जाते. आणि लहान पोरांच्या हातात मुळीच नाही.

आवाजाची सवय जनावराला लागते हेही लक्षात ठेवा. रोज रात्री आठ, दहा, बारा असा गजर लावल्यासारखा बार केला तर डुक्कर आठवडाभरात शिकतं की या आवाजाने काहीच होत नाही. जनावर आलं तेव्हाच आवाज, आणि दरवेळी वेगळ्या धुऱ्यावरून, असं केलं तर थोडं जास्त दिवस चालतं.

मग पेंटबॉल गन?

हा प्रश्न दोन-तीन ठिकाणी ऐकला, म्हणून थोडं सविस्तर. पेंटबॉल हा शहरातल्या रिसॉर्टवरचा खेळ आहे. सोडावॉटरमध्ये असतो त्याच कार्बन डायऑक्साइड वायूच्या जोरावर, जिलेटिनच्या कवचातली रंगाची गोळी उडते आणि लागली की फुटते. गोळी साधारण १७ मिलिमीटर जाडीची आणि तीन ग्रॅमची. खेळात तिचा वेग सेकंदाला ९० मीटरच्या आसपास ठेवतात. हिशेब केला तर तिची ताकद बारा ज्यूलच्या घरात जाते, म्हणजे साध्या एअर गनच्या छर्र्याएवढीच. पण छर्रा ४.५ मिलिमीटरचा. गोळीचा तोच जोर छर्र्याच्या जवळजवळ पंधरा पट जागेवर पसरतो, म्हणून ती आत शिरत नाही, नुसती सणकून लागते.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन शहराच्या कडेला बबून जातीची मोठी वानरं घरात शिरतात. तिथं त्यांना हाकलायला प्रशिक्षित राखणदार पेंटबॉल वापरत आले आहेत. त्यामुळे वस्तू कामाची आहे हे खरं. पण तिथं ते काम पगारी माणसं करतात, दिवसभर टोळीच्या मागे फिरून. आणि त्यावरही तिथं वाद आहेत. डोळ्याला लागली तर पेंटबॉलही डोळा फोडते. खेळणारे उगाच तोंडभर मास्क लावत नाहीत.

मधल्या भावात पेंटबॉल गन दोन तऱ्हेच्या असतात. एक नुसत्या यंत्रावर चालणारी, दुसरी बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक जास्त भराभर मारते, पण तिला धूळ, ओल आणि मुंग्या सोसत नाहीत. शेतात न्यायची तर यंत्राचीच बरी, एवढं कुणीही सांगेल. खरी अडचण गनची नाही, गोळीची आणि वायूची आहे. जिलेटिन म्हणजे औषधाच्या कॅप्सूलचं कवच. आपल्या श्रावण-भादव्याच्या दमट हवेत गोळ्या फुगतात, वाकड्या होतात आणि नळीतच फुटतात. मग अर्धा तास नळी धूत बसा. वायूचं त्याहून अवघड. हा वायू थंडीत मंदावतो, तेव्हा पौषातल्या पहाटे गोळी निम्म्यात पडते. आणि उन्हात त्याचा दाब झपाट्याने चढतो. ४५-४६ अंशांत नळकांडं धुऱ्यावर किंवा मोटरसायकलच्या डिकीत राहिलं तर ते धोक्याचंच. चंद्रपूर जिल्ह्यात ही वस्तू वर्षातून दोन-अडीच महिनेच धड चालेल, असा आमचा अंदाज. आणि पेंटबॉलमध्ये रंग आहे म्हणून वन्यजीव कायदा सौम्य होत नाही. जखम झाली की प्रश्न तोच. रात्री डुकरावर तर ती निरुपयोगीच, दिसतच नाही तर मारणार काय.

त्याच पैशात दुसरं काय येतं

एअर गनला जेवढे पैसे लागतात त्यात थोडी भर घातली तर एकरभराच्या झटका मशीनचा विचार करता येतो. झटका मशीन तारेत साधारण सेकंदाला एकदा, क्षणभराचा झटका सोडतं. तो जोराचा लागतो, पण टिकत नाही, म्हणून जनावर मागे फिरतं आणि जिवंत राहतं. खांबावरून आकडा टाकून तारेत थेट सोडलेली वीज मात्र अखंड वाहते आणि धरून ठेवते. त्या तारेने डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि पहाटे पाणी बघायला गेलेला घरचाच माणूसही मरतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हे किती वेळा झालं ते वेगळं सांगत नाही. दोन्ही तारा दिसायला सारख्याच असतात. म्हणून झटका मशीनला बॅटरी किंवा सोलरच लावा, घरची लाइन नको, आणि तारेवर पाटी टांगा.

डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, कारण ते नाक खाली घालून घुसतं. गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि मशीन नुसतं टिकटिक करत राहतं. अर्ध्या तक्रारी याच असतात. वानर मात्र तारेला जुमानत नाही, झाडावरून उडी मारतं. वानरावर अजूनही माणूस, कुत्रा आणि चार शेजाऱ्यांनी वाटून घेतलेली पाळी, यापलीकडे खात्रीचा उपाय आम्हाला सापडलेला नाही. असेल तर कळवा.

जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. गावाचं नाव यादीत आहे का, हे वनरक्षकाला किंवा ग्रामपंचायतीत विचारा. आणि डुक्कर-रोह्याचा त्रास हाताबाहेर गेला असेल तर उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत परवानगी देण्याची तरतूद वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे. तो अर्ज वनविभागाकडे करायचा असतो. परवानगी लेखी हातात आल्याशिवाय कुणी "साहेबांनी सांगितलंय" म्हटलं तरी ऐकू नका.

नुकसान झालंच तर पीक लगेच सारखं करू नका. मोबाईलवर फोटो काढा, पाऊलखुणाही घ्या, आणि तीन दिवसांच्या आत वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. अर्जाची पोच मागून घ्या. पंचनाम्याला कुणी आलं तर स्वतः शेतात हजर राहा.

वाघासाठी यातलं काहीच नाही

गन हातात आली की माणसाला बळ येतं आणि तो माळ्यावरून खाली उतरतो. ही भीती आम्हाला सगळ्यात जास्त आहे. बांधीत काय हललं ते डुक्करच असेल असं नाही, डुकराच्या मागे दुसरं कुणी असू शकतं. आवाज माळ्यावरूनच करा. बॅटरीचा उजेड टाका, डोळे चमकले तर खाली उतरूच नका. सोबत दुसरा माणूस ठेवा. वाघ-बिबट दिसला तर त्याच्यावर कार्बाइड, छर्रा, गोळी काहीही नको. वनविभागाचा टोल-फ्री नंबर १९२६ लावा आणि आपल्या बीटच्या वनरक्षकाला फोन करा. त्याचा नंबर आजच मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

आणि ज्यांच्या घरी कार्बाइड गन आधीच आहे त्यांनी हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा : डोळ्यात जाळ किंवा लगदा गेला तर डोळा चोळायचा नाही. दूध, तूप, मध, कुठल्या झाडाचा रस, काहीही घालायचं नाही. पापणी बोटांनी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार सोडायची, घड्याळ लावून किमान २० मिनिटं. चुन्याचा कण पापणीखाली अडकतो, म्हणून वरची पापणी उचलूनही धुवायची. मगच ओलं स्वच्छ फडकं हलकेच ठेवून १०८ ला फोन करा आणि मूलच्या सरकारी दवाखान्यात किंवा थेट चंद्रपूरला न्या. डॉक्टरला "कार्बाइड होतं" असं स्पष्ट सांगा. पोलीस विचारतील म्हणून "फटाका फुटला" सांगितलं तर उपचार चुकीच्या दिशेने जातील आणि तेवढ्यात डोळा जाईल.